एअरबॅग आहे ना! मग डोक्याला मार का लागतो?

४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक मर्सिडीज पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. रस्ता आपलाच, सुरतेवरून मुंबईला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८. गाडीत चौघं होते. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघं दगावले. त्यांतले एक टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री, वय ५४. त्यांच्या डोक्याला जबर मार होता.

चौकशीत कळलं की गाडीतल्या चार एअरबॅगा उघडल्या होत्या, तीन चालकाच्या जागेवर आणि एक शेजारच्या सीटपाशी. धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता. ब्रेक दाबल्यावर तो ८९ वर आला आणि त्याच वेगात धडक बसली. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. महागडी, भक्कम गाडी, यंत्रणेने आपलं काम केलेलं, तरीही दोन माणसं गेली. त्याआधी २०१४ च्या जूनमध्ये दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे गाडीच्या अपघातात गेले, तेही मागच्या सीटवर आणि पट्ट्याविना.

सुरतेतल्या मराठी घरांचा निम्मा प्रवास गाडीतच होतो. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथून लग्नसराईला, आखाजीला, श्रावणात कानबाईला माणसं खान्देशात जातात. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट, साक्री आणि धुळे. पूर्वी हा प्रवास बसने व्हायचा, आता दारात गाडी आहे. गाडी घेताना शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती एअरबॅगा आहेत?’ उत्तर सहा आलं की घरातले निश्चिंत होतात. त्याच गाडीत मागचं बक्कल सीटकव्हरखाली गाडलेलं असतं.

पुढे सांगितलेली कामं करायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. बहुतेक गोष्टी गाडी दारातून हलण्याआधी दहा मिनिटांत उरकतात. पण एअरबॅगची ही पिशवी कोणासाठी आणि कशी उघडते ते आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढच्या सूचना नुसत्या कटकटीच्या वाटतील.

पिशवीचं गणित

समोरून जोराची धडक बसली की सेन्सर साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत निर्णय घेतो. पन्नासेक मिलिसेकंदांत पिशवी पूर्ण फुगते. पापणी लवायला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. बाहेर येताना तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात असतो आणि फुगल्याबरोबर मागच्या भोकांतून तिच्यातला वायू सुटायला लागतो. डोकं टेकेल तेव्हा ती मऊ पडत असावी, अशी ही योजना आहे. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. माणूस सरळ बसलेला असेल, पट्ट्याने धरलेला असेल आणि पिशवीपासून पुरेसा लांब असेल, तरच त्याचं डोकं ठरल्या क्षणी ठरल्या जागी पोचतं.

पट्टा नसेल तर हे गणित ब्रेक दाबल्याबरोबरच बिघडतं. अंग पुढे सरकतं, चेहरा स्टिअरिंगजवळ येतो आणि ताशी ३०० च्या वेगाने उघडणारी पिशवी थेट तोंडावर आदळते. नाहीतर माणूस पिशवीवरून वर उसळतो आणि डोकं काचेला किंवा छताला लागतं. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा संस्थेचा अंदाज असा आहे: समोरासमोरच्या धडकेत नुसत्या एअरबॅगने मृत्यूचा धोका ३४ टक्क्यांनी कमी होतो, नुसत्या पट्ट्याने ५० टक्क्यांनी आणि दोन्ही मिळून ६१ टक्क्यांनी. एकच निवडायचं झालं तर पट्टा निवडावा, असाच याचा अर्थ.

पट्टा लावूनही डोक्याला मार बसतो तो मुख्यतः चार प्रकारांनी. धडक तिरकी बसली की डोकं पिशवीवरून घसरून काचेच्या कडेच्या खांबावर जातं. बाजूने धडक बसली आणि खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग नसली, तर डोकं काचेवर किंवा आत घुसलेल्या वाहनावर आपटतं. पहिल्या धडकेनंतर गाडी फिरून दुसरीकडे आदळली, तर तोवर पुढची पिशवी रिकामी झालेली असते. आणि गाडी ट्रकच्या मागे घुसली, तर बॉनेट खाली सरकून ट्रकचा फाळकाच काचेतून आत येतो. तिथे पिशवीला काम करायला जागाच उरत नाही.

शिवाय मेंदू कवटीत पक्का बसवलेला नसतो. डोकं कशावरही न आपटता नुसतं जोरात फिरलं, तरी आतल्या बारीक शिरा तुटू शकतात. वर खरचटलेलंसुद्धा दिसत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. ताशी ६० च्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडणं. ८९ चा वेग म्हणजे दहाव्या मजल्यावरून. भारत एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षेची आपली चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, तिच्यात समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला घेतात. पाच तारे मिळतात ते त्या वेगाला. १०० च्या वेगात गाडीतली ऊर्जा त्याच्या जवळजवळ अडीचपट असते.

पहिलं काम: बसणं

चालकाच्या छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. मोजपट्टी लागत नाही. मोठ्या माणसाची एक वीत आणि वर चार बोटं. उंची कमी असणारे, विशेषतः बायका, पाय पोचावेत म्हणून सीट अगदी पुढे ओढतात. सीट एक-दोन खाचा मागे घ्या, खाली बसल्यासारखं वाटत असेल तर सीट वर उचला, पाठ थोडी कलती करा. स्टिअरिंग खालीवर होत असेल तर त्याचं तोंड छातीकडे ठेवा, चेहऱ्याकडे नको.

हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. एक हात स्टिअरिंगच्या माथ्यावर टाकून ऐटीत गाडी चालवणाऱ्याचा तोच हात, मनगटावरच्या घड्याळासकट, त्याच्या कपाळावर येतो.

शेजारची सीट जमेल तितकी मागे आणि पाठ सरळ. रात्रीच्या प्रवासात शेजारी बसलेला हमखास सीट आडवी करून झोपतो. तसं झोपल्यावर पट्टा अंगापासून सुटलेला असतो. धडकेत माणूस त्याच्याखालून पुढे सरकतो आणि पट्टा पोटात, नाहीतर गळ्यात रुततो. डॅशबोर्डवर पाय टाकले असतील तर पिशवी उघडताना गुडघे तोंडावर येतात. झोप आलीच असेल तर पट्टा लावून मागे सरळ बसून झोपावं.

डोकं टेकायची उशी बहुतेक गाड्यांत आयुष्यभर खालीच दाबलेली राहते. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला आणा. केसांना मागे मोठा कडक क्लचर लावला असेल, तर लांबच्या प्रवासात तो काढून पर्समध्ये टाका. मागून धडक बसली तर तो उशी आणि डोकं यांच्यामध्ये सापडतो.

दुसरं काम: पट्टा, आणि तोही मागचा

पट्टा लावायची एक रीत आहे. कमरेचा भाग आधी खाली ओढून कमरेच्या हाडावर बसवायचा. पोटावर नाही, साडीच्या निऱ्या खोचल्या आहेत त्यांच्यावरही नाही, त्यांच्या खाली. बक्कल ‘टक्’ वाजलं की खांद्याकडचा पट्टा वर ओढून ढिलाई काढायची. वरचा पट्टा गळपट्टीच्या हाडाच्या मधून छातीवर यायला हवा. मानेला घासतो म्हणून तो काखेखालून घेणारे खूप आहेत. तसा घेतला तर धड अडतं आणि डोकं मोकळं सुटतं. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खालून आणि वरचा छातीच्या मधून पोटाच्या कडेने घ्यावा. पट्टा टाळण्याचं ते कारण नाही.

आता मागची सीट. मागे बसलेल्याने पट्टा लावला नाही तर मरणारा तो एकटाच नसतो. तो पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्या माणसाला मागून ढकलतो. जपानमधल्या अपघातांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मागे बिनपट्ट्याचा प्रवासी असेल, तर पट्टा लावून पुढे बसलेल्याचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं त्यात दिसलं. काकांना, मामांना सांगायला संकोच वाटतो, ‘आम्ही काय लहान आहोत का’ हे ऐकून घ्यावं लागतं. अशा वेळी त्यांच्या जिवाचं बोलू नका. तुमच्या पुढ्यात सून बसली आहे, नातू बसला आहे, असं सांगा. बहुतेक जण ऐकतात.

निघण्याआधी गाडीतल्या सगळ्या सीटवर एकेकदा बसून पट्टा लावून पाहा. पट्टा झटक्यात ओढला की अडकला पाहिजे. अडकत नसेल, कडेने उसवला असेल, परत आत जात नसेल तर बदलून घ्या. बक्कल कव्हरखाली गेलं असेल तर सीटकव्हरवाल्याकडून जागा कापून बाहेर काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. पट्टे जितके तितकीच माणसं. सात सीटच्या गाडीत नऊ जण कोंबायचे आणि वर सहा एअरबॅगांचं कौतुक सांगायचं, याला काही अर्थ नाही.

पट्टा न लावता घंटी बंद करणारी ती लोखंडी क्लिप मात्र आजच फेकून द्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना त्या विकायला बंदी केली आणि तेरा हजारांहून जास्त जाहिराती काढून टाकायला लावल्या. कारमध्ये त्याहून घातक शोभेची वस्तू मला तरी माहीत नाही. केंद्राच्या कायद्यात बिनपट्ट्याला १००० रुपये दंड आहे, गुजरातने २०१९ मध्ये तो ५०० वर आणला. पण दंडाच्या भीतीने पट्टा लावणारा टोलनाका गेला की काढतो. २०२२ या एका वर्षात देशात पट्टा न लावल्याने १६,७१५ जण गेले, हा केंद्र सरकारचा आकडा आहे. त्यांतले निम्मे, ८,३३१, प्रवासी होते.

तिसरं काम: मुलं मागे

डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला एक गाडी दुभाजकावर आदळली आणि मागून येणारी गाडी तिला धडकली. मागच्या गाडीत सहा वर्षांचा मुलगा वडिलांशेजारी पुढे बसला होता. एअरबॅग उघडली आणि तिच्याच धक्क्याने तो गेला. मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीला उघडणारी पिशवी त्या वयाच्या मुलाच्या डोक्या-मानेवर येते.

म्हणून बारा वर्षांपर्यंतची मुलं मागेच. हट्ट केला, रडली, मोबाइल मागितला, तरी मागेच. मांडीवर तर कधीच नाही. दहा किलोचं बाळ ५० च्या वेगात हातांनी धरून ठेवणं कोणाच्याही बापाला शक्य नाही; उलट मागून आईचं वजन त्याच्यावर येतं. बाळासाठी मागच्या सीटवर, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवायची सीट घ्यावी. ही सीट चालू एअरबॅगसमोर पुढे ठेवली, तर पिशवी थेट तिच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. मोठी मुलं साधारण १४५ सेंटिमीटर उंचीची होईपर्यंत बूस्टरवर बसवावीत, म्हणजे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर येतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा बालसीटने बांधणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. पण खान्देशातल्या कुठल्याही लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहून गाड्या मोजा, बालसीट शोधून सापडायची नाही. चांदीचं पैंजण घेणाऱ्या आत्याने, मामाने एकदा ही भेट द्यायला हरकत नाही.

चौथं काम: डॅशबोर्ड आणि डिक्की

डाव्या बाजूला डॅशबोर्डवर जिथे एअरबॅगचं नाव कोरलेलं असतं, ते झाकण आहे. त्याच्यावर काहीही नको. आपल्याकडे बरोबर तिथेच गणपती किंवा सप्तशृंगीची मूर्ती दुहेरी टेपने चिकटवलेली असते, शेजारी अत्तराची बाटली आणि मोबाइलचा स्टँड. पिशवी उघडली की ही सगळी मंडळी गोळीसारखी शेजारच्याच्या तोंडावर येतात. देव गाडीत हवाच असेल तर काचेच्या कोपऱ्यात छोटा कागदी स्टिकर लावा, श्रद्धेला तेवढा पुरतो. स्टिअरिंगच्या मधल्या भागावर चिकटवलेले चमकते बिल्लेही काढा.

सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली असेल, तर घट्ट रेक्झिनचं कव्हर तिची वाट अडवतं. कडेला मोकळी शिवण असलेलंच कव्हर घ्या. पुढचा लोखंडी बुलगार्ड काढून टाका. धडकेचा धक्का चेपत जाऊन खाणारा गाडीचा पुढचा भाग त्याने निकामी होतो आणि सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे.

मागच्या काचेखालच्या फळीवर नारळ, स्टीलचे डबे, पाण्याचा जार ठेवू नका. गाडी ६० वर थांबते, डबा थांबत नाही. जड सामान डिक्कीत तळाला, सीटच्या पाठीला टेकवून. सीएनजीच्या टाकीमुळे डिक्की छोटी झाली म्हणून वरचं सामान सीटच्या पाठीपेक्षा उंच रचलं जातं, तेही मागच्यांच्या मानेवर येतं. त्यापेक्षा एक बॅग कमी न्या. गावाहून येताना तसाही गव्हाचा कट्टा मिळतोच!

पाचवं काम: तो छोटा दिवा

किल्ली फिरवली की मीटरवर, बसलेल्या माणसाच्या चित्रापुढे गोल फुगा असलेला दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. विझला नाही तर यंत्रणेत बिघाड आहे आणि धडकेत पिशवी उघडेलच असं नाही. सुरुवातीला लागलाच नाही तर शंका आणखी मोठी: दिवाच कोणीतरी काढून टाकलेला असू शकतो.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी इथे थांबावं. अपघातात एअरबॅग उघडली की ती, तिचा कंट्रोल युनिट, धडकेत पट्टे आवळणारी यंत्रणा, काही सेन्सर, सगळं बदलावं लागतं. खर्च मोठा असतो, म्हणून कुठे रिकाम्या जागेवर नवं झाकण बसवून गाडी विकली जाते. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंग आणि पोत बाकी डॅशबोर्डशी जुळतो का, कडेला फट आहे का, पट्ट्यावरची तारखेची पट्टी गाडीच्या वर्षाशी जुळते का, ते पाहा. नंतर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून एअरबॅगचे कोड वाचून घ्या. विम्याचे जुने दावे विचारा. मालक टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघा. नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्याची २०२१ मध्ये. त्याआधीची स्वस्त गाडी असेल तर तिच्यात ती मुळातच नसण्याची शक्यता आहे.

सहावं काम: रस्ता

हजिऱ्याहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग ५३ असो की मुंबईचा ४८, खरी भीती समोरच्या ट्रकच्या शेपटीची. मागचे दिवे फुटलेले, परावर्तक पट्टी मळलेली आणि कित्येकदा तो कडेला उभाच असतो. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ९० च्या वेगात ते ७५ मीटर भरतं. अनेकांना ते जास्त वाटतं, मध्ये कोणीतरी घुसतो. घुसू द्या, पुन्हा अंतर घ्या. डावीकडून ओव्हरटेक करण्याची सवय पुलाशी नडते. चारोटीला पुलावर तीन पदरांचे दोन होत होते. पुलाच्या किंवा डायव्हर्जनच्या आधी आपला पदर ठरवा आणि त्यातच राहा.

हळदीनंतर रात्री दोनला निघून ‘सकाळी ड्युटीवर हजर’ हा बेत रद्द करा. पहाटे दोन ते सहा हा डोळा लागण्याचा काळ आणि कोंडाईबारीचा घाट त्याच वेळी येतो. निघायचंच असेल तर दोन चालक हवेत आणि ज्याची पाळी नाही त्याने मागे पट्ट्यात झोपावं. चहाला थांबायचं तर पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात. रस्त्याच्या कडेला थांबू नका.

आणि झालाच अपघात तर

एअरबॅग उघडल्यावर गाडीत पांढरी धूळ आणि जळका वास पसरतो. ती आग नव्हे. इंजिन बंद करा, धोक्याचे दिवे लावा. १०८ किंवा ११२ लावा; महामार्गावर १०३३ सुद्धा चालतो. किलोमीटरचा दगड किंवा जवळचा पंप सांगा.

जखमी शुद्धीत असेल तर त्याला हलू नका म्हणून सांगा. आग, पाणी किंवा मागून गाड्या येण्याचा धोका नसेल तर डोकं आणि मान दोन्ही हातांनी आहेत त्या स्थितीत स्थिर धरून ठेवा. त्याला उठवून बसवू नका, गालावर चापट्या मारू नका. पाणी पाजायला धावणारे दहा जण जमतात, त्यांना अडवा. उलटी झाली तर ते पाणी श्वासनळीत जातं. उलटी होऊ लागली तर दोन-तीन जणांनी मिळून डोकं, मान, पाठ एका ओळीत ठेवून पूर्ण अंग कुशीवर वळवायचं. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा, पण हाड आत गेल्यासारखं वाटत असेल तिथे दाबू नका. कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा द्रव येत असेल तर बोळा कोंबू नका, वाहू द्या.

एक काम कोणी करत नाही, ते मोबाइलवर करा. किती वाजता अपघात झाला, किती वेळ बेशुद्ध होता, नंतर बोलला का, काय बोलला, किती उलट्या झाल्या, हे टिपून ठेवा. मेंदूच्या डॉक्टरला या चार ओळी फार उपयोगी पडतात. वडीलधाऱ्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर गोळीचं नाव सर्वांत आधी सांगा.

दवाखाना जवळचा असून भागत नाही, तिथे सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन हवेत. रुग्णवाहिकेवाल्याला तेवढंच विचारा. सुरतेत मजुरा गेटचं नवीन सिव्हिल आणि उमरवाड्याचं स्मीमेर, धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, ही मोठी सरकारी ठिकाणं माहीत असू द्या. पैशांसाठी थांबू नका: मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्तावर नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार रोख न भरता होतात. परक्या जखमीला घेऊन जाणाऱ्यालाही भिण्याचं कारण उरलेलं नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ त्याला संरक्षण देतं.

खरा घोटाळा होतो तो ‘काही नाही, थोडं ठेचलंय’ म्हणून घरी आलेल्या माणसाचा. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागलं, तर माणूस आधी शुद्धीवर येतो, बोलतो, चहासुद्धा घेतो आणि काही तासांनी एकदम ढासळतो. दोनदा उलटी झाली, अपघाताच्या आधीचा अर्धा-एक तास आठवत नाही, वय ६५ च्या वर आहे किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, यांतलं एकही असेल तर स्कॅनबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्कॅन ठीक आला तरी दोन दिवस घरात कोणीतरी जवळ असू द्या. वाढती डोकेदुखी, गुंगी, अडखळतं बोलणं, एका हातातली ताकद कमी होणं, एक बाहुली मोठी दिसणं, फीट येणं, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी परत न्या. डोकं दुखतंय म्हणून अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका. दारू दोन आठवडे बंद.

म्हाताऱ्या माणसांचा धोका दोन दिवसांत संपत नाही. त्यांच्यात रक्त इतकं हळू साचतं की दोन-तीन आठवड्यांनी आजोबा चालताना एका बाजूला झुकू लागतात, नावं विसरतात, दुपारभर झोपतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. तोवर अपघाताचा विषय मागे पडलेला असतो, गाडीसुद्धा गॅरेजमधून परत आलेली असते. अशा वेळी थेट सीटी स्कॅनसाठी न्या आणि केसपेपरवर पहिल्या ओळीत अपघाताची तारीख लिहायला सांगा.